नलूताईची एकच कॅसेट

मीनलचा फोन आला तेव्हा मी सातपूरला कामावर होतो. "मामा, आई गेली..." एवढंच बोलली. नलूताई माझी थोरली बहीण. तिला जाऊन काही आठवडे झाले, तरी कुठे सतार कानावर पडली की वाटतं, ताईला सांगायला हवं. ती मला वेड्यात काढणार हे ठरलेलं असतानाही.

नाशिक रोडला तिचं घर, सरकारी नोकरी, संसार आणि या सगळ्याआधी सकाळची सतार. नव्वद सालच्या आसपास तिचे गुरुजी गेले आणि ताई पार बावरून गेली. "आता माझ्या चुका मला कोण सांगणार रे?" म्हणाली. मी होतोच की! पण मला तिचं सगळंच छान वाटायचं, त्यामुळे माझी साक्ष कायमची बाद. शेवटी तिने ठरवलं, आपला रियाज टेप करायचा आणि आपणच ऐकायचा.

मेन रोडच्या एका दुकानदाराने टू-इन-वन गळ्यात मारला. आवाज आपोआप सांभाळतो, तुम्हाला काही बघायलाच नको, म्हणाला. घरी ऐकलं तर मी खूश! तार छेडल्यावर सूर विरतच नव्हता. ताईच्या कपाळावर मात्र आठी. सूर मंदावला की तो टेप आपणहून त्याला मोठा करत होता, आणि मागची पंख्याची घरघरसुद्धा. "तोंडपुज्या आहे हा. गुरुजींनी मला असं कधी फसवलं नाही," म्हणाली आणि मला तो परत करायला पिटाळलं. दुकानदार वैतागला. लोक गोड आवाजाचा टेप मागतात, तुमच्या ताईंचं काहीतरी भलतंच, म्हणाला.

मग आमची दुकानं पालथी घालणं सुरू झालं. अखेर आवाजाबरोबर काटा हलणारा कॅसेट डेक मिळाला, काटा बघून आवाज हाताने लावायचा. पहिला माइक स्टेशनवरच्या गाडीची शिट्टीही टिपायचा, तो बदलून समोरचं तेवढंच ऐकणारा घेतला. भिंतीवर गोधड्या टांगल्या. आता मात्र चूक सरळ चूक म्हणून ऐकू यायची आणि बाईसाहेब खूश.

कॅसेट मात्र एकच. रोज ती मागे नेऊन कालच्यावरच आजचं टेप करायची. एखादी तरी जपून ठेव की, म्हणून मी किती डोकं फोडलं! "चुका काय जपायच्या?" हे तिचं उत्तर. पुढे सीडी आल्या, घरात कॉम्प्युटर आला, तरी ताई बधली नाही. मग संधिवाताने बोटं धरली. रियाज आखडत आखडत अगदी थोडका उरला, पण टेप करणं सुटलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मीनलने आणि मी ती कॅसेट लावली. तार खेचून सूर वर न्यायचा, ती मींड अर्ध्यातच अडकत होती. मग ताईचा आवाज, "नाही. परत." पुन्हा तीच जागा, पुन्हा "परत". मला रडूच फुटलं. मीनल बंद करायला उठली, तेवढ्यात ताईने टेप थांबवल्याचं खट्ट झालं.

कॅसेट फिरतच राहिली... आणि पुन्हा सतार. जराशी मोकळी. परत खट्ट, आणि आणखी मोकळी. मग उमगलं. रियाज आखडत गेला तसा कॅसेटचा पुढचा भाग पुसलाच गेला नव्हता, तिथे तिचे आधीचे दिवस तसेच राहिले होते. प्रत्येक खट्टनंतर ताईची बोटं सुटत होती. शेवटाकडे तर ती धावतच होती. तीच मींड आली, न अडखळता वर जाऊन सुरावर टेकली. आम्ही दोघं "परत"ची वाट बघत बसलो. ताई काहीच म्हणाली नाही.