शिफारसपत्रातला एक शब्द

एमएच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास मी घाटंजीत एकट्यानंच केला. अर्जाला मात्र प्राध्यापकाचं शिफारसपत्र हवं होतं. आमचे विभागप्रमुख तीन वर्षं पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवत आलेले. ते कसले पत्र लिहितात! म्हणाले, “तूच लिहून आण बे, मी सही मारतो.”

मी माझीच तारीफ लिहून नेली. हुशार, कष्टाळू, प्रामाणिक. सरांनी जन्मात पहिल्यांदा विद्यार्थ्याचा कागद नीट वाचला आणि ‘प्रामाणिक’ तेवढं खोडलं.

“काहून सर?”

“सोताची शिफारस सोताच लिहून आणली तुनं, अन् प्रामाणिक कायचा रे?”

एवढं सुनावून त्यांनी ‘हे पत्र मी स्वतः लिहून देत आहे’ या ओळीखाली ऐटीत सही ठोकली.