दोनडाव दिलेला रंग

आमी कारंज्याचे रंगारी. आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांतून लाल रंग काढाचा अन् तुरटीवर कपड्याले चढवाचा, हाच धंदा. विलायती रंग आला तसं आमाले कोनी विचारेना. मंग मोठी लढाई लागली, जर्मनीचा रंग बंद झाला, अन् एक दिवस दवाखान्याचे डॉक्टरच दारात आले. बारीकातलं बारीक मोठं करून दाखवनारी दुर्बिन होती त्याइच्याजवळ, तिच्या कामाचा रंग संपला होता. मासाचा कागदाहून पातळ काप काचेवर घेऊन रंगवला, तं आतला दाना न दाना वेगळा दिसते, असं त्याइनं समजावलं.

बकऱ्याच्या काळजाचे काप रंगवून पाहात डॉक्टर अन् मी महिनाभर झटलो. शेवटी हलका, साफ रंग जमला. डॉक्टरनं पाठ थोपटली. मी फुगलो, खोटं कायले सांगू.

त्याच साली माही धाकटी बहीन किन्हीराजाहून आली. छातीत गाठ होती. डॉक्टरनं गाठीचा लहानसा तुकडा काढला. गाठ साधी असली तं राहू द्याची, वाईट असली तं लगेच कापून काढाची, हे त्या काचेवरून ठरनार होतं.

"तिचे काप मीच रंगवतो," मी म्हनलो.

"थोडाच वेळ ठेव," डॉक्टर म्हनले.

आमच्या घरचा रिवाज असा, का गिऱ्हाइकाच्या कपड्याले रंग एकडाव अन् घरच्या लेकीच्या लुगड्याले दोनडाव. मी तिचे कापही दोनडाव बुडवले. सारेच्या सारे. असा बेअक्कल मानूस मी.

डॉक्टरनं दुर्बिनीत पाहालं, डोये चोळले, परत पाहालं. "रंग जास्त झाला, नुसतं लाल दिसतंय. नवीन तुकडा घ्यावा लागेल."

बहीन म्हने, एकडाव कापलं तेवढं बस झालं. तिच्या घरी कापसाची वेचनी सुरू होती. जखम सुकली अन् ती निघाली. मी तिले थांब म्हनलो, पन काहून थांबाचं ते सांगितलं नाही. शरम वाटली.

होळीले आली तवा गाठ काखेत पोचली होती. नव्या तुकड्याले मी एकडावच रंग देला. डॉक्टरनं दुर्बिनीत पाहालं अन् काच बाजूले ठेवली. "वाईट गाठ आहे. आता कापून उपयोग नाही."

शेवटच्या दिवसांत ती मले म्हने, "भाऊ, त्या डॉक्टरनंच घोळ घातला. पहिल्या डावाले त्याले काहीच समजलं नाही."

डॉक्टर औषध घेऊन तिच्या उशाशीच उभे होते. त्याइनं औषध वाटीत ओतून तिच्या ओठाले लावलं.

मी म्हनलो, "हो बाई, त्याइचीच चूक."