दिवा न लावलेलं घर

गणपतीच्या आदल्या दिवशी मी सकाळीच दादरहून लालबागला, माहेरी जाते. फुलं, दुर्वा, लाइटच्या माळा, पाहुण्यांचे कप. सगळं संध्याकाळच्या आत उरकलेलं मला लागतं. गेल्या वर्षी एकच काम अडलं होतं: मूर्तीमागचा देखावा. बाबा गिरणी बंद पडेपर्यंत तिथल्या रंगखात्यात होते. दरवर्षी ते प्लायवर काहीतरी रंगवतात. समुद्र, देऊळ, एकदा तर हिमालय. त्या वेळी त्यांनी गावची तिन्हीसांज काढली होती.

गुडघाभर भात, पण हिरवं कुठेच नाही; सगळं शेत जांभळ्याकडे झुकलेलं. आभाळाच्या कडेला विटकरी पट्टा, विझत आलेल्या चुलीसारखा. बांधावरची वाट घराशी पोचेपर्यंत काळवंडलेली, आणि घर नुसतं काळं. बघताना मला बसवेना. उठून पुन्हा माळा तपासल्या. त्या चालूच होत्या.

"अहो, दिवो खंय आसा?" आईने विचारलं.

"अजून लावूक नाय."

"तिन्हीसांजेक काळोखातला घर, ता पण गणपतीच्या पाठी? लोक काय म्हणतले? लोकांचा जाऊं दे, माकाच बरा वाटणा नाय."

"आवस शेतातसून येवची आसा. ती येयसर दिवो कोण लावतलो?"

बाबांची आई मी कधी पाहिली नाही. पण सकाळी मूर्ती यायची होती आणि रंग सुकायला हवा होता.

"बाबा, एक पिवळा ठिपका. दोन मिनिटांचं काम."

"तू आमची मुकादम!" म्हणत त्यांनी खिडकीत ठिपका दिला.

शेत लगेच मळकट दिसायला लागलं. आभाळातला पट्टा फिका पडला. मी म्हटलं, छान झालं. बाबा ब्रश धुवायला मोरीत गेले. आई मात्र हलेना. एकदा जवळून बघितलं, एकदा दारातून.

"काढा तो," ती म्हणाली. "आता ह्या कोणाचाय घर वाटता."

बाबांनी फडक्याने ठिपका पुसला, वर पुन्हा काळा भरला. मी समोर टेबलफॅन लावून दिला.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर शेजारच्या वहिनी देखाव्याकडे बघत राहिल्या.

"मावशी, घरात कोणीच नाही का हो?"

"येतायत," आई म्हणाली. "वाटेवर आहेत." आणि त्यांच्या हातावर मोदक ठेवला.