पुण्यात डोनट कुठे चांगला मिळतो?

ताईच्या शेजारीणबाईंचा फोन आला तेव्हा मी जैनाबादेत, माझ्या घरी भाजी निवडत बसले होते. "शोभाताई, लवकर या, बाई उठत नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. पूल ओलांडून बऱ्हाणपुरात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. याला आता दीड महिना झाला. माझी मोठी बहीण कुसुम, शाळेतल्या पोरांची कुसुमबाई, आयुष्यभर पहिली-दुसरीला शिकवत राहिली. नवरा लवकर गेला, आणि मग तिला नितीनशिवाय कुणी उरलं नाही. कशानं गेली, असं लोक विचारतात. शुगरनं, असं मी सांगते. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही.

नितीन, तिचा मुलगा, पुण्यात एका कंपनीत लागला होता. रोज सकाळी त्याचा फोन यायचा. नोकरीबद्दल तो फारसं बोलायचा नाही. बोलायचा ते खोलीखालच्या दुकानाबद्दल. "आई, इथला डोनट खाशील ना, तर आपली मावा जिलेबी विसरशील. गरमागरम, आणि काय जायफळाचा वास!" ताई हसायची. "मधात भोक कशाले ठेवतात रे?" गेल्या वर्षी ते फोन अचानक थांबले. नंबर बंद. कंपनीत विचारलं तर कळलं, त्याला कामावरून काढून कितीतरी महिने झाले होते. पोलिसांत तक्रार दिली. मुलगा सज्ञान आहे, बघतो, म्हणाले. खोलीचा पत्ता ताईनं कधी विचारलाच नव्हता. रोज फोन येत होता, कशाला विचारेल... तिच्या हातात उरलं काय, तर एक फोटो आणि त्यानं फोनवर सांगितलेली त्या डोनटची चव.

दिवाळी झाली आणि आम्ही दोघी पुण्याला गेलो. स्टेशनबाहेर पहिल्याच रिक्षावाल्याला ताईनं विचारलं, "भाऊ, इथे डोनट कुठे चांगला मिळतो?" त्यानं आमच्या नऊवारीतल्या अवताराकडे पाहिलं आणि हसला. पण पुण्यात या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांपाशी होतं. बसमधल्या एका मुलीनं तर फोनवर बघून कागदावर यादीच लिहून दिली. "आजी, हा एक ट्राय कराच, बेस्ट आहे." कॅम्प, कोथरूड, विमाननगर... आम्ही वणवण फिरलो. ताई दुकानात शिरायची, फोटो दाखवायची. माणसं मान हलवायची. मग ती एक डोनट घ्यायची, डोळे मिटून चावायची आणि म्हणायची, "हा नाही वं शोभे."

"ताई, तू इन्सुलिनवर आहेस. नुसता वास घे."

"वासानं नाही कळत. वरून चॉकलेट थापतात मेले."

मी तिच्या हातातून हिसकावून घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. तिच्या तोंडाकडे पाहून माझा हातच उठेना.

चौथ्या दिवशी, हडपसरकडच्या एका गल्लीत, बिननावाच्या छोट्या दुकानात ताईनं पहिला घास घेतला, त्यात जायफळ लागलं आणि ती तिथंच फरशीवर बसली. "हाच आहे." मालकानं फोटो पाहिला. "हा तर नितीन. वरच राहायचा. नोकरी गेली तेव्हा मीच म्हटलं, सकाळी तळायला येत जा. पावसाळ्यापर्यंत होता. मग एक दिवस निघून गेला, कुठे ते बोलला नाही."

"घरचं काही सांगायचा का?" मी विचारलं.

मालकानं कढईकडे बोट दाखवलं. "रोज कढईपाशी उभा राहून आईला फोन करायचा. हसून बोलायचा. फोन ठेवला की नळावर जाऊन तोंड धुवायचा."

ताई उठून त्या कढईपाशी जाऊन उभी राहिली. "मले सांगायचं होतं ना रे," ती म्हणाली, "मी काय रागावली असती?" मालकाला आमचे नंबर देऊन, त्याचा घेऊन आम्ही परत आलो. त्यानंतर तिनं जेवणाचं, औषधाचं पथ्य सोडूनच दिलं. पायाला जखम झाली, ती भरली नाही. पुण्यातल्या त्या चार दिवसांचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्यांचं ऐकून घेते. पण पटत नाही.

तेराव्यानंतर मी त्या मालकाला फोन केला आणि गल्ल्यापाशी एक कागद चिकटवायला सांगितलं: 'नितीन, आई गेली. मावशी वाट बघते आहे.' त्यानं लगेच लावला. गेल्या सोमवारी मालकाचा फोन आला. कागद जागेवर नाही. नोकरांना विचारलं, कुणी हात लावलेला नाही. आणि तो फाडलेलाही नाही. चारही कोपऱ्यांची टेप कुणीतरी नखानं हळूहळू सोडवून कागद तेवढा नेलेला आहे.

तो नितीनच असेल, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण दुसऱ्याच दिवशी मी जैनाबादच्या घराला कुलूप लावलं आणि ताईच्या घरी राहायला आले. तिची बाहेरची खोली झाडून घेतली आहे. तिथल्या पलंगावर ती दुपारी पडायची, रस्त्याकडे तोंड करून. आता मी पडते. ऊन उंबऱ्यावरून आत येतं, पावलं वाजतात, पुढे निघून जातात... नितीन, हे वाचत असशील तर ये. काही विचारणार नाही.