फोटोतलीच येणार

धुरपताबाईच्या मेसमध्ये दुपारी पोरींचा नुसता कालवा असतो. लातूरच्या ट्यूशन एरियात पत्र्याच्या दोन खोल्या, दारात चपलांचा ढीग, आत डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी. कोणी निलंग्याची, कोणी मुखेडची, कोणी थेट माहूरची. भाजीला तेल जास्त झालं तरी ओरडतात, कमी झालं तरी ओरडतात. धुरपताबाई तव्यापासून न उठता त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडते. बाई तिखट आहे. नवरा गेल्यावर चार लोकांनी चार सल्ले दिले, ते तिनं ऐकून घेतले आणि गॅसची शेगडी आणली.

त्या दिवशी मुखेडची सादिया धाकट्या बहिणीसाठी मोबाइलवर मुलींचं हॉस्टेल शोधत होती. शोधायला गेली हॉस्टेल, उघडलं भलतंच. ‘लातूर, नांदेड. लॉजवर किंवा घरपोच. खरे फोटो, शंभर टक्के.’ आणि खाली ओळीनं बायकांचे चेहरे. सादिया ‘तौबा’ म्हणून ते बंद करणार, तेवढ्यात शेजारच्या पोरीनं मोबाइल ओढून घेतला.

“थांब गं! ही पहिली बघ. आपल्या मावशीसारखीच हाय, डिट्टो!”

“मावशी, हा बी धंदा तुमचाच का?”

सगळी मेस खिदळली. धुरपताबाई पिठाचे हात पदराला पुसत उठली. “आण हिकडं. बघू तरी माझी जुळी कोण हाय.”

तिनं बघितलं. मागं तव्यावर पोळी करपायला लागली, धूर झाला, एका पोरीनं पळत जाऊन गॅस बंद केला. धुरपताबाई हलली नाही.

“मावशी, काय झालं?”

“सिंधुअक्का हाय ही,” ती म्हणाली.

सिंधु तिची थोरली बहीण. किल्लारीच्या भूकंपात गेली, त्याला तीस वर्षं होत आली होती.

सिंधु वीस वर्षांची असताना स्थळं बघायला सुरुवात झाली, तेव्हा बाप तिला निलंग्याला गुंडप्पाच्या स्टुडिओत घेऊन गेला. पडद्यावर रंगवलेला बगीचा, अंगावर शेजारणीची साडी, एक वेणी पुढं घेतलेली. गुंडप्पाचा हात असा की काळी पोरगी गोरी व्हायची, गालावरचे वण जायचे. तो स्वतःच म्हणायचा, “फोटो मी देतो, लग्न तुम्ही जमवा.” सिंधुचा फोटो इतका साधला की एक प्रत त्यानं शोकेसमध्ये लावली. दुसरी गेली मुलाकडच्यांकडं. त्यांना पसंत पडली आणि ते बघायला यायचं म्हणाले.

तिथून आईच्या जिवाला घोर. फोटोतलं तोंड आणि घरातलं तोंड एक दिसायला पाहिजे ना! सिंधुला रानात जायची बंदी. गणपतीचे दिवस, पाऊस होऊन गेलेला, डासांचा कहर. आई, बाप आणि धुरपता बाहेर छपराखाली झोपायचे. सिंधुला मात्र आत, कडुनिंबाचा धूर करून. डास चावून तोंडावर फोड उठली तर फोटो खोटा ठरेल. बापानं त्याच उन्हाळ्यात मोठ्या हौसेनं मातीत दगडाच्या भिंती उभ्या केल्या होत्या. वस्तीत आपलं पहिलं दगडी घर म्हणून तो पाहुण्यांना भिंतीवर थाप मारून दाखवायचा. विसर्जनाच्या रात्री त्या भिंती आत झोपलेल्या सिंधुवर बसल्या. घराचं छत कोसळलं, भिंती बसल्या, बस्स.

घरातला एक कागद राहिला नाही, मुलाकडच्यांचंही घर त्याच रात्री गेलं, मग फोटो कुठला? पुढं सरकारी पत्र्याच्या शेडात राहत असताना आई धुरपताला घेऊन एसटीनं निलंग्याला जायची, शोकेससमोर उभी राहायची आणि परत यायची. गुंडप्पा आत बोलवायचा, प्रत काढून देतो म्हणायचा. आई नको म्हणायची. “घरात नगं. हितं बरी हाय ती, नटूनथटून.” आई गेली, धुरपता लग्न होऊन लातूरला आली, गुंडप्पा गेला. ती परत निलंग्याला गेली तेव्हा तिथं मोबाइल रिचार्जचं दुकान होतं.

आणि आता ही. वेणी तीच, डोळे तेच, मान तशीच जराशी डावीकडं. पण ओठ लालभडक, गालावर रंग, आणि मानेखाली कुणा परक्या बाईचं उघडं अंग. खाली नाव, रिया.

धुरपताबाईनं गुंडप्पाच्या पोराचा, सिद्रामप्पाचा नंबर मिळवला.

“हाव मावशी, पप्पांच्या शोकेसचे फोटो मीच टाकले होते फेसबुकवर. ‘जुनं निलंगा’ म्हणून. लई लाइक आले.”

“मंग आता तो फोटो दे मला.”

“आता कुठला? कागदी फोटो वाळवीनं खाल्ले. कॉम्प्युटर बी फॉरमॅट झाला. ते पेज तर मागंच बंद पडलं.” मग म्हणाला, “कामून, काय झालं?”

काय झालं ते न सांगताच तिनं फोन ठेवला.

मग ती ठाण्यात गेली. टेबलामागचा माणूस शांत होता, चहा पीत होता. “फोटोतल्या बाईनं स्वतः यावं लागतं,” तो म्हणाला.

“ती भूकंपात गेली साहेब.”

“बरं. मग ती हीच, ह्याला पुरावा? तिचा दुसरा एखादा फोटो आणा. जुळवून बघावं लागतं.”

“दुसरा न्हाई. हाच हाय.”

“हा तर खोटा म्हणता ना तुम्ही?”

धुरपताबाई उठून मेसवर आली. सादिया म्हणाली, “मावशी, निदान सेव्ह तरी करून ठेवते.” तर तिच्यावर खेकसली, “नगं! ह्या ओठांची नगं मला.” कारण एक भलतंच सुरू झालं होतं. पीठ मळताना, भाजी निवडताना सिंधु आठवायची, आणि आता प्रत्येक वेळी तिचे ओठ लाल असायचे. खरे ओठ कसे होते ते धुरपताला आठवेना. हा फोटो तिथून निघाला नाही, तर खरी सिंधु आपल्या डोक्यातूनही जाणार, हे तिला पक्कं कळलं.

डबे पोचवायला जिलानी रिक्षावाला येतो. शेवटी तिनं त्यालाच त्या पानावरच्या नंबरवर फोन लावून रियाला बोलवायला सांगितलं. जिलानीनं कान पकडले. “अक्का, घरी कळलं तर शकिला मला रिक्षासकट जाळंल.”

“शकिलाला मी सांगते. तू लाव.”

स्पीकरवर एका तरुण पोराचा गोड आवाज आला. रिया आज नांदेडला आहे, लॉज अमुक, आगाऊ पैसे पाठवा.

“पर फोटोवालीच येनार ना भाई?”

“सौ टका. फोटोतलीच येणार. खोटं काम आपल्याकडं नाही.”

धुरपताबाईनं ते शब्द मनातल्या मनात परत म्हटले. फोटोतलीच येणार.

ती जयभीमवाल्यांच्या घरची. भूत, अंगात येणं, उतारा असलं काही बापानं घरात बोलू दिलं नाही. कोणी लिंबू टाकलं तर बाप ते उचलून सरबत करायचा. पण सकाळच्या एसटीत बसताना तिनं धुतलेली साडी नेसली होती आणि पिशवीत धपाटे घेतले होते. सिंधुला धपाटे लई आवडायचे. कोणासाठी घेतले, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. जिलानीनं विचारलं, तर “भूक लागंल वाटंत,” म्हणाली, आणि नांदेड येईपर्यंत पिशवी सोडली नाही.

जिलानी लॉजच्या खाली थांबला. ती खोलीत पलंगाच्या कडेला बसली. जिन्यात पावलं वाजली तशी उठून उभी राहिली. दार उघडलं.

तोंडाला स्कार्फ बांधलेली एक बाई. तिनं स्कार्फ सोडला. अंगानं जाड, केसांना मेंदीचा रंग, भुवई मधोमध फाटून शिवलेली. खोलीत बाई बघून ती दारातच थबकली.

“गिऱ्हाईक कुठंय? का पोलिसातली हायस?”

“न्हाई.”

“मंग बायको असशील. हे बघ बाई, तुझ्या नवऱ्याला मी आवतण दिलं न्हवतं.”

धुरपताबाईनं मोबाइल पुढं धरला. “ही कुठंय?”

ती बाई हसली, पण हसू तोंडावर टिकलं नाही. “तू बी तेच? समदे तेच इचारतेत. ही कुठंय, ही कामून न्हाई आली. फोटोत ही दावतेत आन् दारात मी उभी राहते. मंग माणूस कुणावर चिडतो? फोन करणाऱ्यावर? तो घावतो व्हय त्यांना!” तिनं भुवईवर बोट ठेवलं. “ही तिचीच मेहरबानी. एकदा तर भेटू दे सटवी, झिंज्या उपटते.”

“ती मेली,” धुरपताबाई म्हणाली. “किल्लारीच्या भूकंपात. माझी सख्खी बहीण हाय.”

बाई मोबाइलपासून मागं सरकली. पलंगावर बसली. “भूकंपात? मी तवा पाळण्यात असन.” “म्हंजे इतके दिस मी मयताच्या नावानं दारं वाजवते? तरीच. तरीच माझं काई बरं होत न्हाई.”

“तिनं काय केलं तुझं?” धुरपताबाई भडकली. “तो फोन घेणारा भाड्या करतो, आन् नाव माझ्या बहिणीचं?”

“बरं, चिडू नगं. कशी होती?”

धुरपताबाईनं सांगायला तोंड उघडलं. समोर आले ते लाल ओठ. तिनं डोळे मिटले, उघडले. “तिला धपाटे आवडायचे,” एवढंच म्हणाली, आणि पिशवी पुढं केली.

बाईनं एक धपाटं घेतलं. खाता खाता तिनं आपला फोन काढला. “त्या फोनवाल्याला कायद्याचं भ्या न्हाई. पर अमावस्येला आपल्या गाडीला काळी बाहुली बांधतो, ते ठाव हाय मला.” नंबर लागला. “ए भाऊ, ती पयली काढ. लाल ओठवाली. अरं मयत हाय ती. चिरडून मेलेली. तिची बहीण हितं समोर बसलीय.”

पलीकडून पोराचं हसणं ऐकू आलं. मग हसणं थांबलं. “खरं बोलती का तिला इचार.”

बाईनं फोन धुरपताबाईपुढं धरला आणि भुवया उंचावल्या. आता तिनं बोलायचं होतं.

बाप आठवला, लिंबाचं सरबत पिणारा. ज्या बापानं मेलेल्या लेकीच्या नावानं कुणाला नैवेद्यही ठेवू दिला नव्हता.

“हाव,” धुरपताबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. “माझ्या अंगात येती ती. तुझं नाव इचारती. घर कुठं म्हणती.”

फोन कट झाला.

बाईनं स्कार्फ बांधला. “आता मी जाते. ह्यापुढं मला दुसरीच्या नावानं मारतेन, एवढंच.” जाताना दारात वळून म्हणाली, “नाव काय होतं तिचं?”

“सिंधु.”

ती मान हलवून गेली.

संध्याकाळी लातूरला उतरेपर्यंत फोटो निघाला होता. जिलानी म्हणाला, “अक्का, काम फत्ते!” पण धुरपताबाई बहिणीला भूत करून आली होती. आणि एसटीत डोळे मिटून बघितलं, तर आता लाल ओठही दिसत नव्हते. वेणी दिसायची, मान डावीकडं कललेली दिसायची, मधला चेहरा कोरा.

दुसऱ्या दिवशी पोरी जेवायला बसल्या असताना तिनं सादियाला तेच पान उघडायला लावलं. पहिल्या जागेवर नवी पोरगी होती. कानामागं मोगरा, मागं लग्नाचा मंडप, कुणाच्या तरी हळदीत मनापासून हसताना काढलेला फोटो. मानेखाली तेच परकं अंग. नाव, रिया.

धुरपताबाईनं मोबाइल घेतला आणि पंगतीत पहिल्या पोरीसमोर धरला.

“बघ गं, हिला वळखतीस का? तुमच्याकडली कुणी हाय का?”

पोरीनं घास खाली ठेवला. नीट बघितलं. “न्हाई मावशी.”

धुरपताबाई पुढच्या ताटाकडं सरकली.