आर्याच्या क्लासमधला मामा

काल रात्रभर झोपले नाही. माझा भाऊ फोन उचलत नाही... आणि का उचलत नाही ते मला पक्कं माहितीय. मला लिहायची सवय नाही, फोनमध्ये बोलून टाइप करतेय. चुकलं तर समजून घ्या.

आम्ही शिरवण्यात राहतो. एकच खोली, वर पोटमाळा. आर्याचे पप्पा मार्केटला माल उतरवायचं काम करतात. आर्या दुसरीत आहे, धाकटा चार महिन्यांचा.

शाळा फोनवर चालू झाली तेव्हा मला रडूच आलं होतं. माझी शाळा गावाला, सातवीपर्यंत. मॅडम अर्धं इंग्लिशमध्ये बोलतात, होमवर्क काय दिला तेच मला कळायचं नाही... मग माझा धाकटा भाऊ संदीप म्हणाला, आक्का, मला पण लिंक पाठव. तो तळोज्याला कंपनीत आहे, तिथंच रूमवर राहतो. रात्रपाळी करून यायचा आणि झोपायच्या आधी आर्याच्या क्लासला बसायचा.

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, हे मोठे विद्यार्थी कोण? तर हा म्हणतो, "मॅडम, मी आर्याचा मामा. मागच्या बाकावरचा. त्रास देणार नाय." सगळी पोरं हसली.

मग ते रोजचंच झालं. मॅडम हजेरी घेताना शेवटी म्हणायच्या, "मामा?" आणि हा "प्रेझेंट मॅडम" म्हणून माइक बंद करायचा. क्लास संपला की आर्याला फोन करून सगळं परत समजवायचा. पोरगी वजाबाकी शिकली ती त्याच्यामुळं, माझ्यामुळं नाही.

मग त्याला कोरोना झाला. सेंटरला ठेवलं. तिथनं पण खाटेवर पडून क्लासला यायचा... आवाज पार बसलेला, तरी "प्रेझेंट".

परवा त्याला सोडलं. पण रूमचा मालक म्हणाला, बाकीची पोरं घाबरतात, आजची रात्र झोप आणि उद्या दुसरीकडं बघ. संध्याकाळी मला फोन आला. "आक्का, थोडे दिवस येऊ का? पोटमाळ्यावर पडून राहीन. खाली उतरणार पण नाय." मी म्हटलं, ह्यांना विचारून सांगते.

खरं तर ह्यांना विचारायचं काही नव्हतंच. मलाच भीती वाटत होती. आमच्या गल्लीतल्या एका काकांना अँब्युलन्स घेऊन गेली, ते परत आलेच नाहीत... तेव्हापासून मी दाराची कडी पण साबणानं धुते. बाळाला नुसती शिंक आली तरी दहादा त्याचं कपाळ चाचपून बघते.

काल सकाळी क्लास चालू होता. मॅडमनी आर्याला कविता म्हणायला लावलेली, म्हणून माइक चालू. आणि मी ओट्यापाशी ह्यांच्याशी भांडतेय. हे म्हणत होते, "येऊ दे की गं. बरा झालाय तो. सख्खा भाऊ आहे तुझा."

मी ओरडले. "मला नकोय तो घरात! त्याचं काय जातंय, एकटा जीव. माझी दोन लेकरं आहेत."

तेवढ्यात मॅडमचा आवाज आला, "आर्याची मम्मी, माइक बंद करा." मी पळत गेले... इतकी लाज वाटली. बाकीच्या आया काय म्हणतील, एवढंच डोक्यात. खरं सांगते, तोपर्यंत भावाचं मनात पण आलं नव्हतं.

आर्या म्हणाली, "मम्मी, मामा गेला."

कुठं गेला?

"क्लासमधनं. आत्ता होता."

लगेच फोन लावला. रिंग वाजत राहिली. थोड्या वेळानं माझ्याच फोनवर मेसेज आला, पण मला नाही, आर्याला. होमवर्क लिहून पाठवलेला, रोजच्यासारखा. खाली लिहिलेलं, उद्यापासून मॅडमना विचारत जा हां पिल्लू.

दुपारी हे टेम्पोनं तळोज्याला गेले. रूमला कुलूप. मालक म्हणाला, तो तर सकाळीच बॅग घेऊन निघाला. बहिणीकडं चाललो म्हणाला.

म्हणजे तो येत होता हो... कानात आर्याचा क्लास लावून माझ्याच घरी येत होता. मी "विचारून सांगते" म्हटलेलं, त्याला वाटलं असेल, बहीण आहे, नाही कशाला म्हणेल.

त्याच्या मित्रांकडं विचारलं, नाही. गावाला आईला फोन केला, तिकडं पण काही कळवलं नाही त्यानं. आईला खरं सांगायची हिंमत झाली नाही. आज मॅडमनी हजेरी घेतली, शेवटी जरा थांबल्या, आणि मग शिकवायला लागल्या.

बाळाची भीती अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण माझा भाऊ अंगात त्राण नसताना कुठंतरी रस्त्यावर आहे, ती भीती आता जास्त झालीय. मी त्याला एकटा जीव म्हटलं... आणि खरंच एकटा करून टाकलं.

आमचे दोघांचे नंबर तो उचलत नाही. पण अनोळखी नंबर उचलतो, कंपनीतनं कुणी कामावर बोलवत असेल म्हणून. म्हणून हात जोडून सांगते, हे वाचताय ते कुणीतरी माझ्या भावाला फोन करा. नंबर इथं टाकत नाही, मला मेसेज करा, लगेच देते. उचलला तर आधी जेवलास का आणि कुठं आहेस, एवढं विचारा. माझं नाव शेवटी घ्या... आधी घेतलंत तर तो फोन ठेवून देईल.