अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

मंगळवारी सकाळी शेंगदाण्याची चटणी अर्धवट वाटली आणि मिक्सर बंद पडला. बाहेरच्या खोलीत लावला तर गरागरा फिरला, म्हणजे दोष स्वयंपाकघरातल्या प्लगचा. टेस्टर घातला, तो पेटला. लाइट येत होती, परतीची वायर सुटली असणार. एवढं मला कळतं. मेन बंद करून बोर्ड उघडला. काळी वायर स्क्रूतून निसटली होती, ती पाच मिनिटांत आवळली.

झाकण लावताना हिरवी वायर दिसली. झटका बसू नये म्हणून जमिनीत जाते, ती. बोटभर तुकडा प्लगला नीट जोडलेला आणि दुसरं टोक मोकळंच. मग मी घरातले सगळे बोर्ड उघडले. सगळीकडे तेच.

विश्रामबागेतल्या या घराचं वायरिंग माझ्या थोरल्या भावानं केलं. मिलिटरीत जन्मभर हेच काम केलेला माणूस. बाहेरचा वायरमन बघू म्हणणाऱ्या नवऱ्याशी मी भांडले होते. "अर्थिंग वाळू द्यायचं न्हाई, पाणी घालत जा," असं बजावून भावानं परसातला मीठ-कोळशाचा खड्डा दाखवला. आठ वर्षं दर रविवारी मी तिथं बादली ओतली, उन्हाळ्यात दोन. धाकट्या लेकीला फ्रिजचा झटका बसला तेव्हा तो फोनवर म्हणाला, "चप्पल घालून उघडायचा." मी पोरीलाच रागावले.

आता खुरपं घेऊन खड्डा उकरला. हातभर खाली कधीच न खणलेली घट्ट काळी माती लागली. पत्रा नाही, पाइप नाही, वायर नाही. तिथंच बसून रडले. परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. यानं केसानं गळा कापला.

साताऱ्याला भावाला फोन लावला. "दादा, अर्थिंग केलंच नाहीस?"

"आगं, वास्तुशांतीची घाई तुमचीच हुती. ऱ्हायलं तेवढं. लाइट चालतीय न्हवं?"

"मग मला पाणी का घालायला लावलंस?"

तो पाऊसपाण्याचं विचारायला लागला. मी विचारलं, "तुझ्या घरात आहे का?"

"हाय की," तो लगेच म्हणाला. "आमच्यात बारकी पोरं हायत न्हवं."

मी फोन ठेवला. वायरिंग संपलं त्या दिवशी माझ्या दोन वर्षांच्या धाकटीला कडेवर घेऊन घरातलं पहिलं बटण त्यानंच तिच्याकडून दाबून घेतलं होतं.